काचवाल्याची गाडी

बारक्या हे नाव त्याला पाळण्यात असताना पडलं आणि पुढे तो अंगाने चांगला आडवा झाला तरी सुटलं नाही. त्याचं सोफे बनवायचं दुकान होतं. तयार सोफा पोचवायला दर वेळी भाड्याचा टेम्पो बघावा लागे, आणि गिऱ्हाइकाने घर आवरून जागा करून ठेवली की नेमका त्याच दिवशी टेम्पोवाला फोन उचलत नसे. जुनी का होईना, आपली एक पिकअप असावी, असं त्याचं बरेच दिवस चाललं होतं.

म्हणून तो जुन्या गाड्यांच्या यार्डात गेला, आणि तिथे त्याला ती दिसली. पांढऱ्या गाडीला कुणीतरी निळा रंग फासला होता, मागच्या फळीवर गरुड काढला होता. पण नंबर तोच होता. आबांची गाडी.

आबांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, त्या गाडीवर उमेदीची सगळी वर्षं घालवली होती. ते खिडक्यांच्या काचा पोचवायचे. हौद्यात लाकडी घोडी बोल्टांनी बसवलेली, तिला दोन्ही बाजूंनी काचा टेकवलेल्या, मध्ये गोणपाट. मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकायचे, पण आबा आपला वेग सोडायचे नाहीत. ओळखीपाळखीतलं कुणीही जुनी गाडी घ्यायला निघालं की आधी आबांना घेऊन जायचं. आबा नाही म्हणाले की ती गाडी कुणी घेत नसे.

मग आबा विसरायला लागले. आधी चष्मा, मग गल्ल्या. एकदा काचा भरलेली गाडी भलत्याच रस्त्यावर उभी करून ते चालत घरी आले आणि जेवायला बसले. गाडी शोधायला बारक्याला रात्र झाली. त्यानंतर घरच्यांनी ती विकून टाकली. आबांना सांगितलं, दुरुस्तीला दिलीय. तेव्हापासून आबा अधूनमधून फाटकापाशी जाऊन उभे राहत आणि विचारत, "मिस्त्रीचा फोन आला का?"

गाडी पाहिल्यावर बारक्याच्या मनाने उचल खाल्ली. आबांना घेऊन जायचं. आपल्या गाडीला हात लागला की त्यांना सगळं नाही तरी थोडं आठवेल. आणि गाडी दारात आली की निदान फाटकापाशी उभं राहणं तरी थांबेल. त्याने हे आईला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"नको नेऊस," ती म्हणाली. "दमतील."

"स्कूटरवर तर जायचंय."

"ने मग. पण फार आस लावून बसू नकोस."

आबा खुशीत होते. गाडी बघायला जायचंय म्हटल्यावर त्यांनी स्वतःहून जुना शर्ट घातला, खिशात स्क्रू ड्रायव्हर टाकला. स्कूटरवर बारक्याच्या खांद्याला धरून बसले आणि वाटेत दोनदा ओरडून म्हणाले, "सावकाश! घाई कुणाला झालीय?"

यार्डवाला दात कोरत सामोरा आला. "या काका, या. लाखात एक गाडी आहे. एका हातची."

आबांनी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. ते सरळ गाडीपाशी गेले आणि बॉनेटवर पंजा ठेवून उभे राहिले.

"गरम आहे," आबा म्हणाले. "सकाळी सकाळी कुठे फिरवून आणलीत?"

"नाही हो, उन्हात उभीय ना."

"ऊन त्या भिंतीवर आहे." आबा बारक्याकडे वळले. "गार इंजिन पहिल्या चावीला उठतं का, ते बघायचं असतं. आता काय, उठवून, तोंड धुवून बसवलीय आपल्यासमोर."

बारक्या हसला. किती दिवसांनी आबा सलग एवढं बोलले होते! आवाजही जुनाच, समोरच्याला गप्प बसवणारा.

यार्डवाल्याने ड्रायव्हरचं दार उघडायला ओढलं. ते हललं नाही. त्याने पाय लावून ओढलं, तरी नाही. आबांनी त्याला बाजूला केलं, हँडल जरासं वर उचललं, दाराला कमरेने हलका धक्का दिला, आणि दार मुकाट्याने उघडलं.

"तुम्हाला कसं हो माहीत?" यार्डवाला म्हणाला.

बारक्या पुढे झाला. "सांगा ना आबा. कसं माहीत?"

"जुन्या गाड्यांना असंच असतं," आबा म्हणाले आणि आत वाकले.

त्यांनी मीटरकडे ढुंकून पाहिलं नाही. "मीटर काहीही सांगेल. आकडे संपले की ते पुन्हा पहिल्यापासून चालू होतं. पेडल बघायचं." क्लचच्या पेडलवर कोरं रबर होतं. आबांनी ते नखाने उचकटून खालचं लोखंड दाखवलं. ते झिजून चमचमत होतं, पायाच्या चवड्याच्या आकाराचा खळगा पडला होता. "एवढं झिजायला माणसाचं आयुष्य जातं. हे झाकायला रबर लावलंय."

त्या खळग्याकडे बारक्या बघत राहिला. लहानपणी तो आबांच्या शेजारी बसायचा तेव्हा तो पाय त्याच्या डोळ्यांसमोर असायचा.

मग आबांनी इंजिनाच्या तेलाचं झाकण काढलं. आतून दुधाच्या सायीसारखं काहीतरी धरलं होतं. "तेलात पाणी जातंय," ते म्हणाले. गाडी चालू करायला लावली आणि झाकण तसंच उघडं ठेवलं, तर तोंडातून भकाभका वाफारा यायला लागला. मागे जाऊन धूर बघितला. निळा. "तेल पिते. दम लागलाय हिला." स्टिअरिंग हलवून दाखवलं: बराच वेळ हात फिरतो आणि चाक जागचं हलत नाही. पुढच्या टायरची आतली कड पार गुळगुळीत. यार्डवाल्याचं दात कोरणं केव्हाच थांबलं होतं.

"गोणपाट द्या," आबा म्हणाले, आणि या वयात चक्क गाडीखाली आडवे झाले. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ते चासी ठोकत मागे मागे सरकू लागले. टण, टण, टण. मग एके जागी नुसतंच थप. तिथे त्यांनी टोक खुपसलं, तर ताज्या काळ्या रंगाखालून गंजाचा पापुद्रा सुटून त्यांच्या छातीवर पडला.

बारक्याने हात देऊन त्यांना उठवलं. त्याला आता गाडीचं काहीच पडलं नव्हतं. तेल पिऊ दे, चासी कुजू दे, हवं तर नुसती दारात उभी करू. तो आबांना मागे हौद्यापाशी घेऊन गेला.

"इथे बघा, आबा. ही भोकं."

हौद्याच्या पत्र्यात दोन ओळींत भोकं होती, घोडीच्या बोल्टांची. आबांनी एकेका भोकात करंगळी घालून पाहिली. त्यांचा चेहरा मऊ झाला.

"इथे घोडी होती," ते म्हणाले. "काचवाल्याची गाडी ही."

"हो!"

"बघ, फळीच्या बिजागरीला वेल्डिंग केलंय. हात काही बरा नव्हता, पण जीव लावून केलंय. काच वाहणारा माणूस गाडी खड्ड्यात घालत नाही. हिचा पहिला धनी सांभाळून चालवणारा होता. हाल नंतरच्यांनी केलेत."

"कोण होता तो, आबा?" बारक्याने विचारलं. "पहिला धनी?"

आबांनी विचार केला. अगदी मनापासून केला. कपाळावर आठ्या आल्या, ओठ हलले. बारक्याने त्यांचा दंड घट्ट धरला.

"मला काय माहीत?" आबा म्हणाले. "असेल कुणी बिचारा. एवढी जपलेली गाडी विकली कशाला, कुणास ठाऊक. अडचण असेल काहीतरी."

यार्डवाला काहीतरी भाव कमी करायचं बोलत होता. आबांनी हाताने त्याला थांबवलं आणि बारक्याला जरा बाजूला घेतलं.

"घेऊ नका तुम्ही," ते हळूच म्हणाले.

बारक्याला वाटलं, यार्डवाल्यासमोर म्हणून अहोजाहो करताहेत. आबा धंद्यात असायचे तेव्हा अशी नाटकं करत.

"बरं, नाही घेत."

"राग मानू नका, पण एक विचारू? घरात कुणी मोठं माणूस नाही का तुमच्या? असल्या कामाला वडिलांना आणायचं सोबत. ते सांगतील नीट."

बारक्या त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. चेष्टेचं काही चिन्ह नव्हतं. आपुलकी होती, परक्या माणसाबद्दल असते तेवढी.

"त्यांना जमत नाही आता," तो कसाबसा म्हणाला.

"असं होय? मग मला आणलंत ते बरं केलंत."

परतताना आबांनी त्याच्या खांद्याला हात लावला नाही. मागची कडी धरून ते अंग चोरून बसले. बारक्याने स्कूटर इतकी सावकाश चालवली की सायकलवाले पुढे गेले. वळणावर तो म्हणाला, "आबा, नीट धरा." मागून उत्तर आलं, "धरलंय, साहेब. तुम्ही समोर बघा."

घरी आल्यावर आबांनी अंगणातल्या नळावर साबणाची पूड घेऊन कोपरापर्यंत हात धुतले, पूर्वी कामावरून आल्यावर धुवायचे तसे. आई टॉवेल घेऊन बाहेर आली.

"अगं, पाहुण्यांना चहा टाक," आबा तिला म्हणाले. "उन्हातून आलेत."

आईने बारक्याकडे पाहिलं. मग टॉवेल आबांच्या हातात दिला आणि बारक्याला म्हणाली, "बसा हं, टाकते."

बारक्या बाहेरच्या खुर्चीत बसला, ज्या घरात तो रांगायला शिकला त्याच घरात, चपला न काढता. आबा समोर बसून त्याला दुसरीकडे कुठे गाड्या बघाव्यात ते समजावत होते. मध्येच यार्डवाल्याचा फोन आला. आबा म्हणाले, "उचलू नका. गरज दिसली की डोक्यावर बसतात." त्याने फोन उलटा ठेवला. दुसऱ्या दिवशी ती गाडी कुणा वीटभट्टीवाल्याने नेली, ते त्याला नंतर कळलं.

चहा पिऊन आबा आत जाऊन आडवे झाले. त्यांचा डोळा लागल्यावर बारक्या स्वयंपाकघरात आला. आई ओटा पुसत होती.

"मी नेलं म्हणून झालं का गं हे?"

"नाही रे."

"आजवर मला कधी विसरले नव्हते."

"संध्याकाळी उठतील तेव्हा ओळखतील. बारक्या कुठाय म्हणून विचारतील बघ." ती फडकं पिळत राहिली. "परत येतात. माझं दोनदा झालंय."

"तुझं? मला बोलली नाहीस."

"काय बोलायचं?"

"मग केलंस काय?"

"काय करणार? कोण तुम्ही, म्हणून विचारलं त्यांनी. म्हटलं, शेजारची आहे. तर म्हणाले, बसा, आमची ही येईलच एवढ्यात."

"मग?"

"मग काय," आई म्हणाली. "बसले मी."