निळा पोपट आणि रंगाऱ्याची मिशी

रंगाऱ्याची मिशी गल्लीत एवढी मोठी, की तिच्यापेक्षा मोठी फक्त पेंढ्याची बढाई. पेंढ्या म्हणजे समोरचा, मेलेल्या पक्ष्यांत पेंढा भरणारा. दोघांतून विस्तव जात नव्हता. भांडण कशावरून सुरू झालं ते बायकांनाही आठवत नव्हतं, पण वाढत मात्र रोज होतं.

त्या सकाळी पेंढ्यानं काचेची पेटी ओट्यावर आणून ठेवली. आत निळाशार पोपट.

"जगात एकच! जात कधीच नामशेष झाली. माझ्या बापानं भरलाय."

"नामशेष व्हायला आधी असावं लागतं, गाढवा," रंगारी नळावरून ओरडला. "हिरव्या पोपटाला रंग फासलाय."

"एका खलाशानं पाहिलाय! लिहून ठेवलंय!"

"किती ढोसून?"

नळावरच्या बायका फिदीफिदी हसल्या. पेंढ्याचं टाळकं सरकलं.

"लाव पैज! रंग निघाला, तर पोपट डोक्यावर बांधून गल्लीभर मिठू मिठू करत फिरेन. नाही निघाला, तर तुझी मिशी. भर चौकात!"

"लावली!"

रंगाऱ्यानं दुकानातून स्पिरिट आणि कापूस आणला. घासला. कापूस पांढरा. परत घासला. पांढराच. चिडून त्यानं गर्दीकडे पाठ केली, पंख उचलला आणि गार पडला.

पंखाच्या मुळाशी लाल दोरा. तीन गाठी.

रंगवलेला प्रत्येक कपडा धुऊन तपासला, की त्याचा बाप कोपऱ्यात असाच दोरा बांधायचा. तीन गाठी म्हणजे उकळलं तरी रंग जाणार नाही, हे गल्लीतलं पोरही जाणत होतं. म्हणजे दोघांचे बाप मिळून ही थाप रचून बसले होते!

नुसता दोरा दाखवला, की पैज खिशात. पण मग बापाचं काय? "अख्ख्या आयुष्यात खोटं बोलला नाही," असं गल्ली अजून म्हणायची ती त्याच्याच बापाबद्दल. दुकान चालायचं ते त्याच नावावर.

"काय रे, दातखीळ बसली?" पेंढ्या खिंकाळला.

रंगाऱ्यानं नखानं दोरा तोडला, मिशी पुसल्यासारखं करत तोंडात टाकला.

"बोलवा न्हाव्याला."

चौकात खुर्ची मांडली. पोरं शिट्ट्या मारत होती. पेंढ्यानं स्वतः आरसा धरला.

"तुझा बाप असता ना, तर आज लाजेनं मेला असता."

रंगाऱ्याचे कान लालबुंद झाले. जीभ वळवळली.

"ओठ हलवू नका, कापेल," न्हावी खेकसला. "आणि चघळताय काय मघापासून?"

रंगाऱ्यानं आवंढा गिळला. दोरा घशाला खरवडत खाली गेला, आणि मिशीचा पहिला झुबका मांडीवर पडला.