जुपणे

जू. नपुंसकलिंगी नाम.

उंदरांनी कुरतडलेलं, बैलाची मान जुवाला बांधायचं चामड्याचं जोत.

चांद्याच्या मिशनमधला स्कॉट पाद्री, भाकरीवर साखर पसरून खाणारा.

"काल बाजारात दोघींची जुपली."

पवळ्या नावाचा बैल. सोमवारी मेला.

वैनगंगेपलीकडचा वारलू, वय बावन्न, दोन बायका पोचवलेला.

घागर फक्त डाव्याच खांद्यावर घेणारी बाई.

ही घागरवाली भागीरथा. दोन वर्षांमागे नवरा तापानं गेला, तेव्हापासून भाऊ इस्तारीच्या घरी. ब्रह्मपुरीपासून सात कोस गाव, धानाची चार खाचरं, म्हणजे चार बांध्या, बैलांची एक जोडी. पवळ्या मेला आणि जोडी मोडली. आषाढ लागलेला, रोवणा, म्हणजे धानाची लावणी, तोंडावर. एका बैलानं चिखल होत नाही, हे कुणीही सांगेल.

रविवारी गुणवंतराव गुरुजी आले. मास्तर भला माणूस, पण नाद वेगळा: सुट्टीच्या दिवशी पत्र्याचा डबा घेऊन शब्द मागत हिंडायचा. शब्दकोश करायचा होता. शब्द सापडला की चिठ्ठीवर लिहून डब्यात. गावात म्हणत, "गुरुजी आले. तोंड सांभाळा, नाईतर डब्यात जासान."

ओट्यावर बसून त्यांनी इस्तारीला विचारलं, "जुपणे म्हणजे काय काय?"

"जुपणं म्हंजे जुपणं जी. बैल जुपते."

"आणखी?"

"मानूस कामाले जुपते. दोन बायांची जुपते, ते तं तुमी आयकलंच असन."

पाण्याचा तांब्या ठेवता ठेवता भागीरथा म्हणाली, "बहीन बी जुपते."

इस्तारी हसला. "तोंडाची तिखट आहे जी. शुक्रवारी वारलूभाऊचा बैल येऊन राह्यला इकडं, आन हे जाऊन राह्यली तिकडं. पाट लावून देतो. जोडीची जोडी, घराचं घर." आणि उरलेल्या बैलाला कडबा टाकायला तो मागं गेला.

भागीरथा ओट्याखाली बसली. "गुरुजी, भाऊ तुमचं आयकते. सांगा त्याले, मले नाई जाचं. बैल मागून आना म्हना चार दिवस. मी दुसऱ्याच्या बांधीत रोवना करून फेडीन."

गुरुजींचे डोळे चमकले. "पुन्हा म्हण."

"काय?"

"मघाचं. बहीण जुपते. पुरं वाक्य म्हण, सावकाश."

त्यांनी कोरी चिठ्ठी काढली होती. कागद म्हणजे अर्ज, एवढं भागीरथेला ठाऊक होतं. गुरुजींनी लिहिलेला अर्ज तहसिलीत चालतो, मग भावापुढं का चालणार नाही? तिनं पदर सावरला आणि एकेक शब्द मोजून सांगितला, "बैलासाठी बहिनीले जुपून राह्यला माहा भाऊ." चुकू नये म्हणून दोनदा.

गुरुजींनी मोत्यासारख्या अक्षरात लिहून घेतलं.

"केवढा जुना शब्द आहे, माहीत आहे का?" ते म्हणाले. "जू म्हणजे संस्कृतातलं युग. योग त्याच घरचा. चांद्याच्या पाद्रीबुवांच्या गावाकडं त्याला योक म्हणतात. तिकडंही बैल जुपतात, कामाला जुपून घेतात, भांडणं जुपतात. लग्नालाही तोच शब्द. सात समुद्रांपलीकडं, बघ."

"तिकडच्या बायाले बी?"

"तेच तर."

भागीरथेनं विचारलं, "आन सोडाचा शब्द?"

"आहे ना. दिवस मावळला की ते बैल सोडतात, त्याला वेगळा शब्द आहे. काम सुटण्यालाही तोच."

"बाईचा विचारून राह्यली मी."

गुरुजींनी डब्यातल्या चिठ्ठ्या चाळल्या. मन लावून चाळल्या, खोटं कशाला बोला. "तो नाही मिळाला अजून," ते म्हणाले.

इस्तारी हात झटकत परत आला. भागीरथा भिंतीला टेकून उभी राहिली. आता गुरुजी कागद वाचतील.

"इस्तारीभाऊ," गुरुजींनी डब्याचं झाकण लावलं, "तुमच्या घरी आज सोनं सापडलं."

"आमच्या घरी कुठचं सोनं जी," इस्तारी म्हणाला, आणि त्यांना वेशीपर्यंत पोचवून आला.

शुक्रवारी वारलूचा बैल नावेतून आला. पांढरा, शिंगं आखूड. उरलेल्या बैलाशेजारी त्यानं मुकाट मान दिली. त्याच नावेनं भागीरथा पलीकडं गेली. नावेत वारलूनं विचारलं, "काऊन रडून राह्यली?" ती म्हणाली, "कोन रडून राह्यलं?" आणि खरंच रडत नव्हती. ती डब्यातल्या कागदाचा विचार करत होती: गुरुजी विसरले असतील, आठवेल तेव्हा वाचतील.

चिठ्ठी अशी होती:

जुपणे. ४. (स्त्रीविषयी) पाट लावून देणे. उदा. 'बैलासाठी बहिनीले जुपून राह्यला माहा भाऊ.' वैनगंगाकाठ. सांगणारी: एक बाई. वापर दुर्मिळ.

पवळ्या मेल्यावर वारलूचा निरोप येईपर्यंत, मंगळवार ते गुरुवार, धानाच्या बांधीत जुवाच्या उजव्या बाजूला, पवळ्याच्या जागी, उजवा खांदा देऊन भागीरथा होती.