एक जीव हवा आहे

योगराज अमळनेरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. वय सत्तेचाळीस. दोन प्रॅक्टिकलांच्या मधल्या वेळात तो मोबाइलवर गेम खेळतो. त्यात तो तरबेज नाही आणि व्हायचं त्याच्या मनातही नाही. ब्युरेटच्या काचनळ्या धुऊन उलट्या लावल्या की पंधरावीस मिनिटं उरतात, तेवढ्यापुरतं.

तीन वर्षांपूर्वी त्याच्या मोठ्या बहिणीच्या, नूतनताईच्या मुलीचं धुळ्याला लग्न होतं. भूमिका ही त्याची एकुलती भाची आणि तो तिचा एकुलता सख्खा मामा. लग्न देवपुरात एका लॉन्सवर होतं. मुहूर्ताला वीस मिनिटं होती, ऊन होतं, म्हणून योगराजने मोठ्या कूलरच्या मागे खुर्ची टाकली आणि फळजोड उघडला. एकसारखी तीन फळं एका ओळीत आणायची, ती फुटतात, वरून नवी पडतात, एवढाच तो गेम. योगराज तीनशे बाराव्या लेव्हलला महिनाभर अडकला होता आणि त्या दिवशी ती पार होईल असं दिसत होतं.

गुरुजींनी माइकवरून सांगितलं, "मुलीच्या मामांनी मुलीला मंडपात घेऊन यावं." कूलरच्या घरघरीत ते त्याच्यापर्यंत पोचलं नाही. गुरुजींनी तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा पूर्ण नावानिशी. शेवटी पिंपळनेरचा चुलतमामा अभिमन उठला, त्याने रुमालाने तोंड पुसलं आणि भूमिकाला मंडपात आणलं. मंगलाष्टकं सुरू झाल्यावर योगराज उठला. लेव्हल पार झाली नव्हती.

लग्नाच्या व्हिडिओत हे सगळं आहे. ड्रोन त्याच सुमाराला लॉन्सवरून फिरत होता. माइकवर मामांचं नाव घेतलं जात असताना कूलरमागे मान खाली घालून बसलेला एक माणूस वरून स्वच्छ दिसतो.

नूतनताई भांडली नाही. तिने बोलणं बंद केलं. राखी पोस्टाने यायची, पण पाकिटावर नाव योगराजच्या बायकोचं, कामिनीचं. भाऊबीजेला निरोप आला की घराला रंग काढलाय, येऊ नका. दुसऱ्या वर्षीही रंगच काढलेला होता.

योगराजने लग्नाहून परतताना बसमध्येच गेम काढून टाकला होता. महिनाभर तो काही खेळला नाही. मग एक शेतीचा गेम घेतला. त्यात पीक दर चार तासांनी कापावं लागे, नाहीतर सुकून जाई. मळ्याची कामं सुटावीत म्हणून योगराज नोकरीत शिरला होता, त्यामुळे तो गेम आठ दिवस टिकला. दुसऱ्यात बुडणाऱ्या राजाला वाचवायचं होतं, पण राजा एक मिनिट बुडे आणि जाहिराती तीन मिनिटं चालत. तिसरा बस चालवण्याचा होता. योगराज दर शनिवारी खऱ्या बसने पारोळ्याच्या सासुरवाडीला जात नसता, तर कदाचित आवडला असता. नवीन गेम माणसाला खेळू देण्यापेक्षा बोलावतातच जास्त, असं त्याचं मत झालं. जुन्या गेमचं तसं नसतं. त्यात कुठे काय आहे ते बोटांना माहीत असतं.

म्हणून मागच्या फेब्रुवारीत त्याने फळजोड पुन्हा घेतला. गेमला तो आठवत होता. लेव्हल तीनशे बारा, जिथे सोडली तिथेच. केळी अजूनही उलटी काढलेली होती, फणी वरच्या बाजूला वळण्याऐवजी खाली. फोनमधली ओळखीची जी माणसं हाच गेम खेळत होती, त्यांची यादी बाजूला आली. यादीत एकच नाव होतं. नूतन, लेव्हल एक हजार नऊशे शेहेचाळीस.

फोटो ताईचाच होता, भूमिकाच्या लग्नातला.

दुसऱ्या दिवशी टायट्रेशनचं प्रॅक्टिकल चालू असताना त्याच्या फोनवर मराठीत ओळ उमटली. 'नूतन यांना एक जीव हवा आहे. पाठवायचा?'

या गेममध्ये पाच जीव मिळतात. हरलं की एक जातो. संपले की अर्ध्या तासाला एक भरतो, नाहीतर ओळखीच्यांकडे मागायचा. योगराजने फोन खिशात ठेवला आणि घरी गेल्यावर कामिनीला दाखवला.

"सगळ्यांना आपोआप जात असेल," तो म्हणाला.

"तिच्या यादीत तुम्ही एकटेच असाल," कामिनी म्हणाली. "पाठवून द्या."

त्याने पाठवला. सकाळी त्यालाही एक जीव आला. त्यानंतर रोज हे चालू राहिलं. ताई एक मागायची, हा पाठवायचा, हा मागायचा, ती पाठवायची. फोन नाही, मेसेज नाही. असे चाळीस दिवस गेले. मग ताईचं मागणं थांबलं. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. चौथ्या दिवशी रविवार होता. योगराज धुळ्याच्या बसमध्ये बसला.

दार ताईनेच उघडलं. तिच्या उजव्या अंगठ्याला मनगटापर्यंत पट्टा बांधलेला होता. ताई घरात अहिराणी बोलते. योगराजची कॉलेजात राहून सुटली आहे.

"आज कसा काय उना भाऊ?"

"तू तीन दिवस जीव मागितला नाहीस."

ताईने पट्टा दाखवला. "शिरले सूज शे. डॉक्टर म्हने, पंधरा रोज मोबाइलले हात लावू नको."

तिने पाणी दिलं. मग तिने फ्रिजवरचा फोन डाव्या हाताने काढून त्याच्यासमोर ठेवला. दोन हजार अकरावी लेव्हल होती. योगराज खेळू लागला आणि ताई शेजारून सांगू लागली, ते डाळिंब सरकव, ते नको, कोपऱ्यातलं. दहा मिनिटांत पाचही जीव गेले. आता अर्धा तास थांबणं भाग होतं.

"तू हा गेम कधी घेतलास?" त्याने विचारलं.

"लगीनना दुसरा रोज. कोनता गेम ते कामिनीले इचारं." ताई खिडकीकडे बघत होती. "मन्या पोरना लगीनमा तू मान वर करी नही. असं काय शे त्या गेममा, ते माले दखनं व्हतं."

"मग? काय दिसलं?"

"फळे शेतस. दुसरं काही नही."

योगराजने फोन उलटा करून ठेवला.

"गुरुजीनी तिसऱ्यांदा तुनं नाव लिनं," ताई म्हणाली, "तव्हय मी खाले दखं. व्याहीसनाकडे दखानी हिंमत नही व्हती."

"ताई, माझं चुकलं. ऐकू आलं नाही हे खरं आहे. पण मी कूलरमागे बसलो होतो ते कोणी हाक मारू नये म्हणूनच."

फोनने एक जीव भरल्याचा आवाज केला. कोणी तिकडे पाहिलं नाही. अर्ध्या तासाने पुन्हा आवाज झाला, तेव्हा ताई म्हणाली, "भूमिकाले फोन लाव."

त्याने लावला. तीन वर्षांत पहिल्यांदा. भाची नाशिकला असते. त्याने जे ताईला सांगितलं तेच तिला सांगितलं.

"मामा, मी सासरी सांगून टाकलं होतं की तुम्ही कूलरमागे रडत बसला होतात," भूमिका म्हणाली. "सगळ्यांना पटलं होतं. सासूबाईंना तर तुमचं फार वाटलं."

"मग?"

"मग दोन महिन्यांनी व्हिडिओ आला."

फोन स्पीकरवर होता. ताईने पदर तोंडाला लावला. ती हसते आहे हे योगराजला जरा उशिराने कळलं.

त्या दिवशी तो जेवूनच निघाला. पुढचे दोन रविवार कामिनीही बरोबर आली. योगराज ताईच्या सांगण्याप्रमाणे खेळायचा आणि हरायचा. तिसऱ्या रविवारी ताईचा पट्टा निघालेला होता. तिने त्याच्या हातातून फोन घेतला आणि दोन हजार अकरावी लेव्हल पहिल्या झटक्यात पार केली.

"तुले कोपरा दखता येत नही," ती म्हणाली आणि खिचडी झाली का ते बघायला आत गेली.