एका पानावरचे दोन वडील

मी वाचनालयातला संगणक बोलतोय, देवघेवीच्या टेबलावरचा. आवाज जरा घरघरतो, तेवढं सांभाळून घ्या. पोटातला पंखा म्हातारा झालाय.

मला खोक्यातून बाहेर काढलं त्या दिवशी सगळे नव्या सुनेकडे बघावं तसे माझ्याभोवती जमले होते. हात लावायची मात्र कुणाची छाती होईना. मग मला ताईंच्या स्वाधीन केलं. देवघेवीचं काम त्यांच्याकडे. वयाने मोठे वाचकसुद्धा त्यांना ताईच म्हणतात. पुस्तक गेलं, पुस्तक आलं, एवढीच नोंद त्या माझ्यात करायच्या, तीही एका बोटाने, कोंबडी दाणे टिपते तशी. कित्येक वर्षं मी घाण्याच्या बैलासारखा तेवढ्यातच फिरत होतो.

मग वरच्या कार्यालयाकडून फर्मान आलं. ग्रंथालयात काम करणाऱ्यांनी इंटरनेटवरची नवी साधनं शिकावीत. ब्लॉग लिहावा, सगळ्यांनी मिळून लिहायची पानं उघडावीत, वाचकांशी तिथे बोलावं. बाकीचे म्हणाले, "नसती उठाठेव!" ताई म्हणाल्या, "करून तर बघू. हा काही चावत नाही." मी खरंच चावत नाही.

त्यांनी पहिल्यांदा ब्लॉग लिहिला, नव्या पुस्तकांविषयी. लिहून झाल्यावर दिवसभर येता-जाता माझ्याकडे बघत होत्या, कुणी काही लिहिलंय का म्हणून. संध्याकाळी एकच प्रतिक्रिया आली. त्यांच्या यजमानांची. "छान. येताना दूध आण." मुलीचा फोन आला, "आई, फोटो आडवा लागलाय गं!" ताई हसल्या आणि फोटो सरळ करायला बसल्या. तो उलटा झाला.

पण हळूहळू हात बसला. मग त्यांनी एक खुलं पान उघडलं. असं पान कुणालाही वाचता येतं आणि कुणालाही त्यात भर घालता येते. विषय घेतला वाचनालयातल्या बाइंडरकाकांचा. ते वारले त्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. फाटकी पुस्तकं त्यांनी आयुष्यभर शिवली, चिकटवली. ताई शेजारच्याच टेबलावर बसायच्या, त्यामुळे त्यांच्या चिकटवायच्या खळीचा वाससुद्धा ताईंनी पानावर लिहिला.

साहेबांनी, म्हणजे मुख्य ग्रंथपालांनी, चष्मा वर करून ते वाचलं. "ताई, उघड्या पानावर उद्या कुणी वाटेल ते लिहिलं तर निस्तरायचं कुणी?"

"मी निस्तरीन, साहेब."

आणि तसंच झालं. एका सकाळी पानावर नवी ओळ दिसली: "घरी ते फार तापट होते. मला मारायचे." खाली सही होती, 'थोरली'. दुपारपर्यंत ती ओळ गेली आणि तिच्या जागी आली, "ते देवमाणूस होते. त्यांनी कधी आवाजही चढवला नाही." सही, 'धाकटी'. संध्याकाळी पुन्हा पहिली ओळ. दुसऱ्या दिवशी पुन्हा दुसरी. एक लिहायची, दुसरी खोडायची. असल्या पानात खोडलेलं काहीच मरत नाही. जुनं सगळं मागे साठून राहतं, कुणालाही बघता येतं. वाचक चवीने बघू लागले.

ताईंना ओळख पटली. काकांना दोन मुली. थोरली लहान वयातच मामाकडे निघून गेली ती गेलीच. वडिलांच्या अंत्यविधीलाही आली नव्हती.

"पान काढून टाका," साहेब म्हणाले. "गेलेल्या माणसाची चव्हाट्यावर शोभा कशाला?"

ताईंनी पान काढून टाकायचं बटण शोधलं. बाण त्यावर आला आणि तिथेच थांबला. माझा पंखा तेवढा फिरत होता. मग त्यांनी बोट उचललं आणि पानाखाली चर्चेसाठी जागा असते, तिथे लिहायला घेतलं. जेवणाची सुट्टी त्यातच गेली.

"दोघींना सप्रेम. मी काकांच्या शेजारी काम करत होते, पण घरातलं मला माहीत नाही. खरं कोण, ते मी ठरवणार नाही. फक्त दुसरीचं खोडू नका. आपापलं लिहा, आणि ते केव्हाचं आहे तेही लिहा."

आधी थोरलीने लिहिलं. शाळेत असताना तिने काकांनी वाळत घातलेल्या पुस्तकाच्या एका पानाची होडी केली होती. काकांनी लोखंडी पट्टीने मारलं. मनगट मोडलं. मामा येऊन घेऊन गेला.

मग धाकटीने लिहिलं: "तेव्हा मी पाळण्यात होते, माई. मला आठवतात ते तू गेल्यानंतरचे बाबा. रागावले की हात उचलायचे, मग तो मध्येच थांबायचा आणि खिशात जायचा. मला वाटायचं, त्यांची सवयच आहे ती."

थोरलीचं उत्तर आलं, "हे मला कुणी सांगितलं नाही."

"तू विचारलं नाहीस."

त्यानंतर सगळं शांत. ताई सकाळी आल्या की खांद्यावरची पिशवी खाली ठेवायच्या आधी मला चालू करायच्या. साहेबही सहज आल्यासारखे यायचे आणि विचारायचे, "काही आलं का हो?" काही आलेलं नसायचं. ताईंना वाटायला लागलं, आपणच खपली काढली. एकदा माझ्या पडद्यावरची धूळ पुसता पुसता तसं पुटपुटल्याही.

एका दुपारी प्रवासाची बॅग घेतलेली एक बाई टेबलापाशी आली. कीबोर्डवर टेकलेलं तिचं मनगट जरासं वाकडं होतं. ताईंनी ते पाहिलं आणि खुर्ची पुढे केली.

"धाकटीला फोन लावू?"

"नको. तिने उचलला तर मी काय बोलू?"

"मग लिहा."

थोरलीने त्याच पानाखाली लिहिलं, "मी वाचनालयात आले आहे." आणि पडद्याकडे बघत बसली. ताईंनी पाण्याचा पेला आणून ठेवला, तो तसाच राहिला.

धाकटी औषधांच्या दुकानात काम करायची. अंगावरचा पांढरा कोट न काढताच आली. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. गळाभेट वगैरे काही नाही.

"जाड झालीस," धाकटी म्हणाली. तिने बहिणीला फोटोतच पाहिलं होतं.

"आणि तू बाबांसारखी दिसतेस."

"म्हणजे कशी?" धाकटीने विचारलं. थोरलीचे डोळे भरून आले. मग साहेब स्वतः दुसरी खुर्ची घेऊन आले आणि दोघी माझ्यासमोर बसल्या.

"'तापट होते' हे राहू दे," थोरली म्हणाली.

"मग 'नंतर बदलले' हेही घाल."

"बदलले की नाही, मला काय माहीत? मी नव्हते."

धाकटीने खुर्ची जवळ ओढली. "बरं. 'बदलू पाहत होते' लिही. एवढं मी नक्की सांगू शकते."

थोरलीने ते स्वतःच्या बोटांनी लिहिलं. त्या पानाला मग कुणी हात लावला नाही.

त्या दोघींचं पुढे सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. पण थोरली वर्षातून एकदा येते आणि धाकटीकडे उतरते. 'उठाठेव' म्हणणारे आता ताईंकडे शिकायला बसतात, आणि ताई पाचही बोटांनी लिहितात.

माझ्या जागी नवा, सडपातळ संगणक आलाय. मला वर्तमानपत्रांच्या कोपऱ्यात हलवलंय. चालू व्हायला मला वेळ लागतो. लोक तेवढ्यात जांभया देतात. एक दिवस मला भंगारात नेतील. खुशाल न्या. ती पानं माझ्या पोटात नाहीत, दूर कुठेतरी सुखरूप आहेत. मागणं एकच आहे. त्या दुपारपासून माझ्यासमोर दोन खुर्च्या आहेत, इथे कोपऱ्यातसुद्धा. माझ्या जागी कुणालाही बसवा, पण दुसरी खुर्ची उचलू नका.