दादाची मराठी बोलणारे शिपाई

पुंडलिकनगरातल्या श्रीनिवासरावांना उभ्या आयुष्यात मुंगी मारवली नाही, पण रोज दुपारी जेवण झालं की ते तासभर लढाईवर जायचे. पलंगाखालची लोखंडी पेटी ओढायची, हाताला लागेल ते पुस्तक काढायचं आणि पडल्या पडल्या वाचायचं. तळहाताएवढी, करड्या कागदाची, महायुद्धावरची इंग्रजी चित्रकथांची पुस्तकं ती. बासष्ट सालच्या सुमाराला छावणीतल्या साहेबांच्या घरची रद्दी गुरुवारच्या बाजारात यायची. तिच्यातून त्यांच्या थोरल्या भावानं, मधुसूदननं, ती वेचून आणलेली. एकूण त्रेचाळीस. कोणता पूल उडणार, कोणतं विमान पडणार, सगळं तोंडपाठ. तरी पूल उडायच्या आधीच्या पानावर ते क्षणभर थांबत आणि मगच पान उलटत. कोण वाचणार हे आधी माहीत असलं की लढाई निवांत वाचता येते, असं त्यांचं म्हणणं. टीव्हीवरच्या लढाया त्यांना सोसायच्या नाहीत.

पुढं पगार सुरू झाल्यावर त्यांनी स्वतः अशी दीडशे पुस्तकं जमवली, ती माळ्यावर. पण पेटीची सर त्यांना नव्हती. पेटीतल्या पुस्तकांत कडेच्या कोऱ्या पट्टीवर दादाची बारीक पेन्सिल होती. श्रीनिवास तेव्हा दहा वर्षांचा, इंग्रजीच्या नावानं शून्य. म्हणून कॉलेजात जाणाऱ्या दादानं चित्राचित्राशेजारी मराठी लिहून दिलेली, तीही स्वतःच्या मनाची. टोपीवाला गोरा सार्जंट शेजारच्या शिपायाला म्हणायचा, "खाली वाक की कडूबा, जर्मन येऊ राहिले! तुझं टकुरं लई चमकतंय!" पोट धरधरून हसायचे दोघं.

दादा चोविसाव्या वर्षी काविळीनं गेला. आईनं त्याचे कपडे वाटून टाकले. फोटो एकच, तोही शाळेतला, मागच्या रांगेतला. सोळा वर्षांच्या श्रीनिवासनं त्या दिवसापासून दादाचं नाव काढणं सोडलं, ते सोडलंच. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली तरी दमयंतीबाईंना एवढंच ठाऊक, की आपल्याला एक दीर होता आणि तो आपण या घरात यायच्या आधीच गेला. दादा जेवढा उरला होता तेवढा त्या पेटीत होता.

आता दमयंतीबाईंचं ऐका. त्या पैठणच्या. माहेरी वडील वर्षभराची मासिकं जपून ठेवायचे आणि दिवाळी झाली की एकत्र बांधून घ्यायचे. कापडी पुठ्ठा, पाठीवर सोनेरी अक्षरं. चांगल्या घरात वाचलेलं बांधून ठेवतात, हे बाईंच्या अंगात मुरलेलं. नवऱ्याची सत्तरी जवळ आली. नेमके तेव्हाच ते आठ दिवस मावसभावाकडं लग्नाला सोयगावला गेले, आणि बाईंनी पेटी रिक्षात घालून गुलमंडीजवळचा बाइंडर गाठला.

ते आदल्या रात्री परतले. वाढदिवसाच्या सकाळी औक्षण झालं आणि श्रीनिवासरावांच्या मांडीवर पाच लालभडक खंड येऊन बसले.

"कोपरे कुरतडलेले, एक लहान तर एक मोठं," दमयंतीबाई कौतुकानं सांगत होत्या. "बाइंडर म्हणाला, तिन्ही बाजूंनी चांगलं छाटावं लागंल. म्हटलं, छाटा. कडेला कुण्या पोरासोरानं पेन्सिलीचा गिचमिडा करून ठेवला होता, तोही निघून गेला बघा. किती स्वच्छ दिसतंय आता!"

श्रीनिवासरावांनी मधलंच पान उघडलं. चित्र होतं, त्याला लागूनच पान संपत होतं. कुठं एक काना राहिला होता, कुठं अर्धी वेलांटी. त्यांनी दुसरं पान पाहिलं, तिसरा खंड पाहिला. ओरडावं, पाचही खंड भिरकावून द्यावेत, असं त्यांना वाटलं. समोर बाई निरांजनाचं ताट धरून त्यांच्या तोंडाकडं बघत उभ्या होत्या. आणि खरं सांगायचं तर दोष काही एकट्या बाईंचा नव्हता. पंचेचाळीस वर्षांत हा गृहस्थ एका शब्दानं बोलला असता, तर त्या माउलीनं पुस्तकांना मशीन लागू दिलं असतं का?

"छान झालेत," ते म्हणाले. बाईंनी ताट देवापुढं नेऊन ठेवलं.

तीन दुपारी ते भिंतीकडं तोंड करून नुसते पडून राहिले. चौथ्या दुपारी दमयंतीबाई एक खंड घेऊन पलंगावर येऊन बसल्या.

"रागावलात कशावरून तरी. सांगू नका. पण वाचून तरी दाखवा. यात काय एवढं आहे, मला कधी कळलंच नाही."

त्यांनी नाइलाजानं खंड घेतला. चित्रातल्या इंग्रजीचा सरळ अर्थ सांगून मोकळं व्हावं, असा त्यांचा बेत होता. पण तोंड उघडलं आणि बाहेर आला सार्जंट. "खाली वाक की कडूबा, जर्मन येऊ राहिले!"

"कडूबा?" बाई फिसकन हसल्या. "गोऱ्याचं नाव कडूबा?"

मग थांबणं जमेना. पानामागून पान. बोटीवरचा कप्तान उलट्या करत म्हणाला, "ह्या दर्याला काय तळ हाय का नाय? आपली गोदावरी बरी, पाय तरी टेकतात." बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून.

"हे तुमचं डोकं नव्हे. कुणी लिहिलंय?"

"दादानं."

"कुठं?"

त्यांची नजर कापलेल्या बाजूकडं गेली. बाईंचं बोट पानाच्या कडेला गेलं आणि तिथल्या अर्ध्या वेलांटीवर थांबलं.

"तो गिचमिडा..."

"हो."

"मला सांगायचं नाही का हो?" बाई कशाबशा म्हणाल्या.

"सांगायला पाहिजे होतं. माझंच चुकलं."

त्यांनी पदरानं नाक पुसलं. "वाचा पुढं. भाऊजी काय म्हणतात ते ऐकू द्या मला."

ते वाचत गेले. मग खंदकातलं चित्र आलं. कडूबा गोळी लागून पडलेला, सार्जंट त्याच्या तोंडाशी पाण्याची बाटली धरून वाकलेला. इथं दादानं काय लिहिलं होतं? ओळ उजव्या बाजूला होती, पेन्सिल जरा दाबलेली होती, सगळं आठवत होतं. शब्दच आठवत नव्हते. ते घाबरले. दादा असाच एकेक ओळ करत जाणार आता, असं त्यांच्या मनात आलं. बायकोला कळू नये म्हणून त्यांनी घाईनं काहीतरी जुळवलं. "धीर धर कडूबा, तू लवकरच बरा होशील."

दमयंतीबाईंनी मान हलवली. "छे! हे तुमचं. भाऊजी असं नाय म्हणायचे."

श्रीनिवासराव त्यांच्याकडं बघतच राहिले. जिनं दादाला कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, ती अर्ध्या तासात त्याला ओळखायला लागली होती.

"मग काय म्हणाला असता गं तो?"

बाईंनी चित्र जवळून निरखलं. "म्हणाले असते, पाणी पी आधी कडूबा. मरायचं काय ते मागून बघू."

श्रीनिवासराव खदखदून हसले, आणि हसता हसता चोपन्न वर्षांत पहिल्यांदाच दादासाठी मोठ्यानं रडले.