चष्म्यात दिसलेले विमान

मित्रांनो, मी एक जुना उंचीमापक आहे. विमान किती उंचावर आहे, हे वैमानिकाला दाखवणे एवढेच माझे काम. तळहाताएवढी काळी तबकडी, पांढरे आकडे, दोन काटे आणि पुढे काच, हा माझा सगळा संसार. एका कारागीर बाईंनी मला जुळवले. त्या श्वास रोखून काम करत, कारण नुसत्या फुंकरीनेही माझा काटा थरथरायचा. शेवटचा स्क्रू बसल्यावर त्या म्हणाल्या, "जा बाबा. खरं बोलत जा."

तेव्हापासून मी खरेच बोलत आलो. पण एक गंमत सांगतो. हजारो वेळा उडूनही मी आकाश कधी थेट पाहिले नाही. माझे तोंड कॉकपिटच्या आतल्या बाजूला. माझ्यासमोर कायम दोन चेहरे असत, आणि बाहेर काय चालले आहे ते मी त्या चेहऱ्यांवरूनच ओळखायचो.

त्यातला एक चेहरा आमच्या कॅप्टनसाहेबांचा. तीस वर्षे विमान चालवलेला, शिस्तीचा माणूस. पाठीमागे सगळे त्यांना 'हेडमास्तर' म्हणत. उतरताना ते माझ्या काचेवर बोट टेकवून म्हणत, "हा गडी कधी थाप मारत नाही." मी आतून फुलून जायचो.

दुसरा चेहरा एका तरुण सहवैमानिकेचा. तिला येऊन चारच महिने झाले होते. कामात चोख, पण साहेबांसमोर जेवढ्यास तेवढे बोलणारी.

त्या दुपारी आम्ही एका मोठ्या शहराकडे उतरत होतो. बाहेर दाट ढग असावेत, कारण दोघांच्या चेहऱ्यांवर पिठासारखा पांढरा उजेड पडला होता. सावली कुठेच नव्हती. विमान उडते आहे की जागच्या जागी लटकले आहे, हेही कळू नये असा तो उजेड.

त्या शहरावर विमानांची नेहमीच दाटी असे. म्हणून जमिनीवरून रेडिओवर बोलणारी नियंत्रिका प्रत्येक विमानाला एकेक उंची नेमून द्यायची. वरच्या आणि खालच्या विमानात हजार फुटांचे अंतर. तेवढेच. मध्ये ना भिंत, ना कुंपण. फक्त एक आकडा.

रेडिओवर तिचा आवाज आला. ती भराभर बोलत होती. आम्हाला अकरा हजार फुटांपर्यंत उतरायचे होते.

"दहा हजार," साहेबांनी ऐकलेला आकडा परत म्हणून दाखवला. नेमके त्याच क्षणी दुसरे कुणीतरी बोलले. दोन आवाज एकमेकांत अडकले, रेडिओ किंचाळला आणि साहेबांचे शब्द नियंत्रिकेपर्यंत पोहोचलेच नाहीत. विमान आपोआप तिथवर उतरावे म्हणून त्यांनी बटण फिरवून दहाचा आकडा लावला.

सहवैमानिकेने मान वळवली. तिचे ओठ उघडले. हात गुडघ्यावरून उचलला गेला आणि पुन्हा गुडघ्यावर जाऊन बसला.

माझा काटा अकरा हजारांवर आला. थांबला नाही. दहा हजार नऊशे. दहा हजार सातशे. मी अगदी खरे आकडे दाखवत होतो, आणि दोघेही माझ्याकडेच बघत होते. आसपासच्या विमानाची सूचना देणारे यंत्र तेव्हा आमच्याकडे नव्हते. दहा हजार पाचशे.

"तुमची उंची सांगा!" नियंत्रिकेचा आवाज चिरकला; तिच्या पडद्यावर आमची उंची घसरलेली दिसली असावी. "तुम्हाला अकरा दिली होती! वर जा, लगेच वर जा!"

साहेब उत्तर देण्याआधीच सहवैमानिकेने विमान वर खेचले. तरीही माझा काटा थोडा खाली घसरलाच. दहा हजार तीनशे. ढग तेवढ्यात फाटला असावा, कारण साहेब काचेतून खाली बघत तसेच गोठले. आणि त्यांच्या चष्म्यात मी माझ्या आयुष्यातले पहिले आकाश पाहिले.

त्यात एक विमान होते. दोन भिंगांत दोन. ते सावकाश, अगदी आवाज न करता सरकत गेले. लांब पंख, मग पांढरी शेपटी, शेपटीवर लाल दिवा. दिवा एकदा लागला, विझला, आणि दोन्ही भिंगे पुन्हा कोरी पांढरी झाली. त्या विमानात कोण बसले होते ते मला कधीच कळले नाही. त्यांनाही आमच्याविषयी कळले नसेल.

मागून हवाई सेविकेने फोन केला. "सर, काय झालं? सगळ्यांचे चहा सांडलेत."

"काही नाही," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात जीव नव्हता.

उतरल्यावर एका आजोबांनी कॉकपिटच्या दारातून डोकावून सांगितले, "वा, फार हलकेच टेकवलंत हो!" ते गेल्यावर बराच वेळ दोघांपैकी कुणी पट्टा सोडला नाही.

शेवटी ती म्हणाली, "सर, मी अकरा ऐकलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या खात्रीनं दहा म्हणालात... मला वाटलं, माझेच कान वाजले."

मला वाटले, आता साहेब चिडणार. पण त्यांनी चष्मा काढला आणि चेहऱ्यावरून हात फिरवला. "कान माझे चुकले, पोरी. आणि तुला बोलायची भीती वाटली, ती चूकही माझीच."

त्याच संध्याकाळी त्यांनी आपल्या हाताने सगळे लिहून वरिष्ठांना दिले. काही आठवडे त्यांना घरी बसवले, पुन्हा शिकायला पाठवले. परत आले तेव्हा प्रत्येक उड्डाणाआधी ते शेजारच्याला म्हणू लागले, "माझं चुकतंय असं वाटलं तर लगेच टोकायचं. लाजायचं नाही."

एकदा साहेबांनी आठ हजार लावले, तेव्हा ती म्हणाली, "सर, नऊ म्हणाले बहुतेक." साहेबांनी रेडिओवर पुन्हा विचारले. आठच होते. ती ओशाळली. साहेब म्हणाले, "बरं केलंस. विचारायला दोन सेकंद लागले."

पुढे पडदेवाली नवी यंत्रे आली. मला काढून एका खोक्यात टाकले. किती वर्षे गेली कुणास ठाऊक. आता मी वैमानिक घडवणाऱ्या शाळेत टेबलावर पडून असतो. काचेला तडा गेला आहे. कुणी मला कागद उडू नयेत म्हणून वापरते.

वादळ यायचे असले की हवेचा दाब उतरतो, आणि माझा काटा आपोआप वर चढू लागतो. रिकाम्या वर्गात, टेबलावर बसल्या बसल्या, मी दोनशे फूट वर जातो. अशा वेळी खिडकीतून पिठासारखा पांढरा उजेड येतो, आणि मला वाटते, खालून काहीतरी सरकत जाते आहे.

मित्रांनो, मला पुसा, जपा, एवढे मागण्यासाठी मी हे सांगितले नाही. त्या दिवशी माझ्यात काहीच बिघाड नव्हता. काटा बरोबर होता, आकडा बरोबर होता. बिघाड होता तो एका न बोललेल्या वाक्यात. तुमच्या तोंडी असे वाक्य आले, तर ते गिळू नका. समोर कितीही मोठे माणूस असो. चुकीचे ठरले तर लोक घटकाभर हसतील, एवढेच.