डॉक्टरांची खोटी गिटार

दातांच्या डॉक्टरांनी दवाखान्याच्या भिंतीवर गिटार टांगली, त्या दिवसापासून बायकोने तिचं नाव सवत ठेवलं. ते त्यांनी हसत सोसलं. पण चाहत्यांच्या मंडळाने तिला खोटी ठरवलं, ते मात्र जिव्हारी लागलं.

मंडळ सुट्टीच्या सकाळी त्यांच्याच दवाखान्यात, पेशंटच्या बाकांवर भरायचं. एका जुन्या रॉक बँडचे तीन सिनेमे आणि त्यांतल्या गिटारी यांवर तासन्‌तास काथ्याकूट चालायचा. आपली गिटार दुसऱ्या सिनेमातल्या, बोटीवरच्या गाण्यातली आहे, असं डॉक्टर छातीठोकपणे सांगत. लाकडावर सिगारेटचा तसाच शेपटीवाला डाग होता. पण पडद्यावर शेपटी डावीकडे वळायची, हिची उजवीकडे. शिवाय त्या गाण्यात गिटारवाला डावखुरा दिसायचा आणि ही गिटार पडली उजव्या हाताची. एरवी उजव्या हाताने वाजवणारा गडी तिथे डाव्या हाताने वाजवतो, यातच त्याची थोरवी, असं मंडळाचे अध्यक्ष सगळ्यांना ऐकवायचे. त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि जीभ कात्रीसारखी चालायची. नक्कल करणाऱ्याला डागसुद्धा धड जमला नाही, असं म्हणून ते मनसोक्त हसायचे.

मंडळाच्या प्रदर्शनात ही गिटार मांडायची की नाही, याचा निकाल आज लागायचा होता. डॉक्टरांचा रात्रभर डोळा लागला नव्हता.

पडद्यावर बोटीवरचं गाणं सुरू झालं. सगळ्यांचे डोळे गिटारीवर होते. डॉक्टरांचे सवयीने तोंडाकडे गेले. तेवढ्यात गिटारवाला हसला, आणि डॉक्टर ताडकन उठले. त्यांनी चित्र थांबवायला लावलं, मग तिसरा सिनेमा लावायला सांगितलं, मग पहिला.

"वरचा तुटका दात बघा," ते म्हणाले. "पहिल्या आणि तिसऱ्या सिनेमात एका बाजूला, बोटीवर दुसऱ्या. दात किडतो, पडतो. पण उठून पलीकडे जाऊन बसलेला दात मी जन्मात पाहिला नाही. ते गाणंच उलटं छापलंय."

डॉक्टरांच्या बायकोने आतून आरसा आणला आणि थांबवलेल्या चित्रासमोर धरला. आरशातला गिटारवाला उजव्या हाताने वाजवत होता. डागाची शेपटी उजवीकडे वळली होती, भिंतीवरच्या गिटारीसारखीच. पडद्यावरून नक्कल करणाऱ्याने ती डावीकडेच काढली असती, हे आता कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. अध्यक्षांची मात्र दातखीळ बसली.

मग बाकांवर एकच गलका झाला. कुणी त्यांच्या पाठीवर थाप मारली, कुणी प्रदर्शनात गिटार अगदी मधोमध मांडायची असं ठरवूनही टाकलं.

अध्यक्ष हळूच उठले. ओशाळून त्यांनी विचारलं, "डॉक्टर, जरा हातात घेऊन बघू का?"

डॉक्टर तोंड उघडणार, तोच बायको गिटारीसमोर येऊन उभी राहिली.

"भावोजी," ती म्हणाली, "आधी हात धुऊन या."

आणि अध्यक्ष मुकाट्याने बेसिनकडे गेले.